नायट्रोजनची नुसतीच 'हवा'?

टायर थंड राहतो, फुटत नाही, ॲव्हरेज वाढतं, वारंवार हवा भरायला नको... नायट्रोजनच्या फायद्यांची यादी ऐकून आपण पंपावर निमूट पैसे काढून देतो. पण रोज ऑफिसला आणि वीकएंडला लोणावळ्याला जाणाऱ्या आपल्या गाडीला त्याचा खरंच काही उपयोग होतो का? खिशाचा आणि जिवाचा, दोन्ही हिशेब मांडून बघू या.

शुक्रवारची संध्याकाळ. ऑफिसमधून जरा लवकर सटकलेली मंडळी, डिकीत बॅगा, मागच्या सीटवर चिप्सची पाकिटं आणि एक्स्प्रेस वे पकडण्याआधी पंपावरचा शेवटचा थांबा. टाकी फुल्ल होते आणि हवेच्या मशीनपाशी तो प्रश्न येतोच, 'साहेब, साधी की नायट्रोजन?'

एरवी आपण किती चोखंदळ! साधा हेडफोन घ्यायचा तर दहा ठिकाणी भाव बघतो, वीस रिव्ह्यू वाचतो. इथे मात्र निर्णय दोन सेकंदांत होतो. कुणी 'टायरच्या बाबतीत रिस्क नको' म्हणून मान हलवतं, तर कुणी 'सगळे पैसे उकळायचे धंदे' म्हणून उडवून लावतं. गंमत म्हणजे दोघांनाही नायट्रोजन नेमकं काय करतो ते ठाऊक नसतं. आणि ज्या चार टायरांवर ताशी शंभरच्या वेगात आपला अख्खा ग्रुप बसलेला असतो, त्यांच्याबद्दल इतकं अंधारात असणं काही बरं नाही.

श्वासातलाच माल, वेगळ्या पॅकिंगमध्ये

शाळेतलं विज्ञान जरा आठवा. आपल्याभोवतीच्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन आणि उरलेल्या एका टक्क्यात आर्गॉन वगैरे किरकोळ मंडळी. म्हणजे पंपावर फुकटातली 'साधी हवा' घेतली, तरी टायरमध्ये तीन चतुर्थांशाहून जास्त नायट्रोजनच जातो!

मग पैसे कशाचे? तर उरलेला ऑक्सिजन आणि हवेतला ओलावा बाजूला काढण्याचे. टायरच्या दुकानातलं ते मशीन नायट्रोजन कुठून आणत नाही. ते तिथलीच हवा खेचतं, एका खास गाळणीतून दाबाने सोडतं, ऑक्सिजन आणि बाष्प मागे ठेवतं आणि नायट्रोजन पुढे पाठवतं. मशीन चांगलं आणि नीट राखलेलं असेल, तर ९५ टक्के किंवा त्याहून शुद्ध नायट्रोजन मिळतो.

पण मशीनमधून ९५ टक्के निघाला म्हणजे तुमच्या टायरमध्ये ९५ टक्के झाला का? इथेच खरी मेख आहे.

समजा, तुमच्या टायरमध्ये साधी हवा आहे आणि दाब ३३ ऐवजी २८ पीएसआयवर आलाय. पंपावरच्या मुलाने वर पाच पीएसआय नायट्रोजन मारला आणि व्हॉल्व्हवर हिरवी कॅप बसवली. आता टायरमध्ये नायट्रोजन किती? हिशेब केला तर जेमतेम ८० टक्के. म्हणजे ७८ चे ८० झाले. वरच्या दोन टक्क्यांसाठी आपण पैसे मोजले आणि हिरव्या कॅपकडे बघून खूश झालो!

बरं, आधीची हवा पूर्ण सोडून मग भरला तर? तरीही गेज शून्य दाखवतं तेव्हा टायर रिकामा नसतो. बाहेर जेवढा वातावरणाचा दाब आहे, म्हणजे साधारण १४.७ पीएसआय, तेवढी साधी हवा आत असतेच. तिच्यावर ३३ पीएसआय नायट्रोजन भरला की मिश्रण होतं ९० टक्क्यांच्या आसपास. पुन्हा सोडून पुन्हा भरला तर ९३. तिसऱ्यांदा केलं तर कुठे ९५ च्या जवळ पोचतो. तुमच्या दुकानात असं दोन-तीनदा करतात का? पुढच्या वेळी नुसतं बघत उभे राहा. उत्तर मिळेल.

विमानात भरतात, मग गाडीत का नको?

नायट्रोजनच्या जाहिरातीतला हुकमी एक्का म्हणजे विमानं आणि फॉर्म्युला वन. 'सर, विमानात पण हाच असतो' असं म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप बंद होतो.

हे खोटं नाही. विमानाच्या टायरमध्ये नायट्रोजन असतो आणि त्यामागे एक भीषण अपघात आहे. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिकाना कंपनीचं बोइंग ७२७ जातीचं विमान मेक्सिको सिटीहून उडालं. त्याच्या एका चाकाचा ब्रेक घासत राहिल्यामुळे ते चाक बेफाट तापलं होतं आणि त्या टायरमध्ये नायट्रोजनऐवजी साधी हवा होती. अति तापलेल्या रबरातून ज्वलनशील वायू सुटतात. त्यांना टायरमधला ऑक्सिजन मिळाला आणि हवेतच टायरचा स्फोट झाला. विमान कोसळलं. आतले सगळे, म्हणजे १६७ जण, दगावले. पुढच्या वर्षी, १९८७ मध्ये, अमेरिकेच्या विमान वाहतूक यंत्रणेने नियम केला, की मोठ्या प्रवासी विमानांच्या ब्रेक असलेल्या चाकांच्या टायरमध्ये ऑक्सिजन पाच टक्क्यांहून जास्त असता कामा नये.

आता आपल्या गाडीकडे या. विमान उतरताना काही टन वजन प्रचंड वेगातून काही सेकंदांत थांबवायचं असतं, त्यामुळे ब्रेक भट्टीसारखे तापतात. त्याआधी तेच टायर हिमांकाच्या खूप खालच्या थंडीत काही तास काढून आलेले असतात. आत पाण्याचा अंश असेल तर त्याचा बर्फ होणार. शिवाय टायरमधला दाब आपल्या गाडीच्या पाच-सहापट. हिंजवडीच्या सिग्नलला पाऊण तास रांगणाऱ्या हॅचबॅकच्या नशिबी यातलं काहीही नाही.

रेसिंगचा फंडा आणखी वेगळा. तिथे टायरचा दाब अगदी किंचित बदलला तरी वळणावरची पकड बदलते आणि सेकंदाच्या शंभराव्या भागावर निकाल लागतो. म्हणून त्यांना दरवेळी तंतोतंत सारखा वागणारा कोरडा वायू हवा असतो. आपल्याला सिग्नल सुटल्यावर मागच्या रिक्षाचा हॉर्न ऐकू येण्याआधी निघता आलं तरी पुष्कळ!

दावे पाच, निकाल पाच

'नायट्रोजनने टायर थंड राहतो.' नाही. टायर तापतो तो आतल्या वायूमुळे नव्हे, तर रबर वाकण्यामुळे. रस्त्याला टेकणारा भाग दर फेऱ्याला दबतो आणि सुटतो. साध्या १५ इंची रिमच्या टायरचा घेर दोन मीटरच्या आतबाहेर असतो. म्हणजे ताशी शंभरला तो सेकंदाला १४ वेळा फिरतो आणि तासाभरात पन्नास हजारांहून जास्त वेळा दबतो-सुटतो. पेपरक्लिप भराभर वाकवून बघा, वाकते तिथे बोटाला चटका बसतो. तसंच हे. आत नायट्रोजन आहे की साधी हवा, याने त्या वाकण्यात काहीच फरक पडत नाही. फरक पडतो तो दाब कमी असला की. मग टायर जास्त वाकतो आणि जास्त तापतो.

'उन्हात दाब वाढत नाही.' वाढतो, आणि हवेइतकाच वाढतो. वायू तापला की पसरणार, हा नियम नायट्रोजनला माफ नाही. ३३ पीएसआयच्या टायरचं तापमान १० अंशांनी वाढलं, की दाब दीड पीएसआयच्या आसपास वाढतो. नागपूरच्या जानेवारीतल्या १२ अंशांच्या पहाटे भरलेला टायर मे महिन्यात ४४ अंशांत नुसता उभा असेल, तर त्यात पाचेक पीएसआय जास्त दिसणार, मग आत काहीही असो.

इथे नायट्रोजनच्या बाजूने एक मुद्दा मात्र आहे आणि तो ओलाव्याचा. कंप्रेसरच्या टाकीत पाणी साचतं आणि ते वेळच्या वेळी काढलं नाही, तर हवेबरोबर पाण्याचे थेंबही टायरमध्ये जातात. टायर तापला की त्या पाण्याची वाफ होते आणि दाब दोनेक पीएसआयने जादा चढू शकतो. नायट्रोजन कोरडा असतो, त्याला ही भानगड नाही. पण हे श्रेय कोरडेपणाचं आहे. पाणी नीट काढलेल्या कंप्रेसरची साधी हवाही अशीच वागते. मुंबईच्या जुलैत हवा भरताना व्हॉल्व्हमधून पाण्याचे तुषार उडताना दिसले, तर पंप बदला!

'हवा उतरत नाही.' हा दावा बऱ्यापैकी खरा आहे. रबर कितीही घट्ट वाटलं तरी त्यातून वायू अगदी हळूहळू झिरपतो. नायट्रोजनच्या मानाने ऑक्सिजन लवकर झिरपतो. म्हणून नायट्रोजनवाला टायर दाब जास्त काळ धरून ठेवतो. पण किती जास्त?

अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहकांच्या मासिकाने याची सरळ परीक्षाच घेतली. ३१ वेगवेगळ्या मॉडेल्सच्या टायरांच्या जोड्या घेतल्या. प्रत्येक जोडीतल्या एकात साधी हवा, दुसऱ्यात नायट्रोजन, दोन्हीकडे दाब ३० पीएसआय. सप्टेंबर २००६ ते सप्टेंबर २००७ असं वर्षभर हे टायर उघड्यावर नुसते ठेवून दिले. वर्षाने मोजलं तेव्हा साध्या हवेचे टायर सरासरी ३.५ पीएसआयने उतरले होते आणि नायट्रोजनचे २.२ ने. फरक १.३ पीएसआयचा. तोही अख्ख्या वर्षात!

दुसरी गोष्ट, नायट्रोजनचाही दाब उतरलाच. आणि हे टायर जागेवर पडून होते. आपले टायर खड्ड्यांतून जातात, स्पीडब्रेकरवर आपटतात, फुटपाथच्या कडेला घासतात. रिमच्या कडेतून, जुन्या व्हॉल्व्हमधून किंवा खिळ्याच्या भोकातून गळती सुरू झाली, की आत कोणता वायू आहे याची खिळा चौकशी करत नाही.

'ॲव्हरेज वाढतं.' थेट नाही. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा यंत्रणेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगशाळेतल्या चाचण्यांतही, दाब सारखा असेल तर टायर सहज घरंगळण्यात नायट्रोजनमुळे काही फरक दिसला नाही. दाब योग्य राहिला तर इंधन वाचतं, एवढंच खरं.

'टायर जास्त टिकतो.' कागदावर बरोबर, व्यवहारात किरकोळ. ऑक्सिजनमुळे रबर हळूहळू कडक होतं, हे खरं. पण टायरला बाहेरून तर चोवीस तास ऑक्सिजन, ऊन आणि धूळ लागतेच. रोज चालणाऱ्या गाडीचा टायर आतून म्हातारा होण्याआधी बाहेरून झिजून जातो. आतला ओलावा नसला तर रिमला गंज कमी लागतो, हा फायदा धरा. जुन्या लोखंडी रिमच्या गाडीला तो थोडा जास्त.

खिशाचा हिशेब

आता जरा कॅल्क्युलेटर काढू. तुमची गाडी वर्षाला १२ हजार किलोमीटर चालते आणि लिटरला १५ देते असं धरा. म्हणजे वर्षाला ८०० लिटर पेट्रोल. सोयीसाठी लिटरचे शंभर रुपये धरले, तर ८० हजारांचा मामला.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा ठोकताळा असा, की चारही टायरमधला दाब सरासरी एक पीएसआयने कमी असला तर ॲव्हरेज ०.२ टक्क्यांनी घटतं. आता समजा, तुम्ही इतके आळशी आहात की वर्षभर टायरकडे बघितलंच नाही. तरी नायट्रोजन आणि साध्या हवेतला फरक वर्षअखेरीला १.३ पीएसआय, म्हणजे वर्षभराची सरासरी धरली तर पाऊण पीएसआयहूनही कमी. त्याचे पैसे होतात वर्षाला शंभर-सव्वाशे रुपये. एका कटिंगचेही पैसे महिन्याला धड सुटत नाहीत!

दुसऱ्या बाजूला खर्च. नायट्रोजनचा भाव शहर आणि दुकानाप्रमाणे बदलतो. कुठे टायरमागे दहा-वीस रुपये, कुठे पन्नास, तर काही पंपांवर चक्क फुकट. स्टेपनी धरून पाच टायर, पहिल्यांदा पूर्ण भरणं आणि मग वर्षातून चार-पाच वेळा टॉप अप. बेरीज तुम्हीच करा. जी बचत होणार ती इथेच खर्च होते आणि वर खिशातूनही थोडे जातात. साधी हवा मात्र पंपावर फुकट मिळते. ती सोय देणं पंपचालकाला तेल कंपन्यांच्या नियमावलीनेच बंधनकारक आहे.

थोडक्यात, नायट्रोजनवर कुणी श्रीमंत होत नाही आणि कुणी बुडतही नाही. मामला इतकाच असता, तर 'घ्या हवं तर' म्हणून विषय संपवता आला असता. पण खरा प्रश्न पैशांचा नाहीच.

टायर फुटतो कशाने?

मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे २००२ मध्ये पूर्ण सुरू झाला आणि मराठी माणसाच्या बोलण्यात 'टायर बर्स्ट' हा शब्द आला. त्याआधी आपल्या गाड्या पंक्चर व्हायच्या. शहरात चाळिसाने चालणारी गाडी इथे सलग तासभर शंभराने धावायला लागली आणि टायरची सगळी दुखणी एकदम बाहेर पडली. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, तिथे कारला ताशी १२० ची मुभा. तिथेही टायरचा प्रश्न लगेच ऐरणीवर आला आणि २०२३ मध्ये आरटीओने गुळगुळीत टायरच्या गाड्या माघारी पाठवायला सुरुवात केली.

नायट्रोजनचा विषय संसदेतही पोचला होता. जुलै २०१९ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी राज्यसभेत सांगितलं होतं, की टायर फुटण्याचे अपघात टाळण्यासाठी रबरात सिलिकॉन मिसळणं आणि टायरमध्ये साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरणं बंधनकारक करण्याचा सरकारचा विचार आहे. नायट्रोजनच्या सक्तीचा विचार पुढे नियमात उतरला नाही, पण 'नायट्रोजन म्हणजे सेफ्टी' हे समीकरण मात्र लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं.

खरं समीकरण वेगळं आहे. कमी दाब, जास्त वजन, जास्त वेग आणि जुना किंवा जखमी टायर. या चौघांपैकी दोघं-तिघं एकत्र आले की टायर जातो. त्यातही पहिला नंबर कमी दाबाचा, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. ३३ च्या जागी २५ पीएसआय असलेला ट्यूबलेस टायर नुसत्या नजरेला जवळपास नेहमीसारखाच दिसतो. पण त्याच्या बाजूच्या भिंती दर फेऱ्याला जास्त वाकतात, आतल्या थरांत उष्णता साचत जाते आणि एका क्षणी थर सुटे होतात. तोवर गाडी शंभरावर असते, म्युझिक जोरात असतं आणि पुढच्या हॉटेलातल्या मिसळीची चर्चा रंगात आलेली असते.

आणि इथे आपल्याकडचा एक अत्यंत धोकादायक सल्ला येतो. 'उन्हाळा आहे, एक्स्प्रेस वेला जायचंय, मग हवा दोन-चार पीएसआय कमीच ठेव. तापल्यावर वाढते ना!' वडीलधाऱ्यांपासून ऑफिसच्या ड्रायव्हरपर्यंत सगळे हे छातीठोकपणे सांगतात. ऐकायला अगदी लॉजिकल वाटतं, पण आहे बरोबर उलटं. कंपनीने ठरवलेल्या दाबात तापल्यावर होणारी वाढ आधीच धरलेली असते. हवा कमी ठेवली की टायर जास्त वाकतो आणि आणखी तापतो. म्हणजे ज्याला घाबरून हवा कमी केली, तेच आपण ओढवून घेतो. चारही टायरमध्ये नायट्रोजन असला तरी हा हिशेब बदलत नाही.

नायट्रोजनचा खरा तोटा लपलाय तो इथेच. तो तोटा वायूत नाही, आपल्या डोक्यात आहे. एकदा हिरव्या कॅप बसल्या की आपण निर्धास्त होतो. 'आपल्याकडे नायट्रोजन आहे, बघायची गरज नाही.' एक महिना, दोन महिने, सहा महिने. त्यातच एखाद्या टायरला बारीक खिळा लागलेला असतो.

दुसरा प्रकार त्याहून भारी. गणपतीला गावी निघालेत, गाडीत पाच माणसं आणि डिकीत सामान कोंबलेलं. चिपळूणच्या आसपास एक टायर बसल्यासारखा वाटतो. समोर पंक्चरवाला आहे, पण त्याच्याकडे साधीच हवा. 'नको, आपल्यात नायट्रोजन आहे, मिक्स नको व्हायला. पुढे मिळेल तिथे भरू.' आणि गाडी तशीच पुढे साठ-सत्तर किलोमीटर! दहा-वीस रुपयांचा नायट्रोजन वाया जाऊ नये म्हणून पाच माणसांचा जीव पणाला. असं करू नका, प्लीज. दाब कमी असलेल्या टायरला मिळेल ती हवा चांगली.

मग घ्यायचा की नाही?

पंपावर फुकट असेल किंवा नवीन टायर घेताना दुकानदार त्याच पैशांत भरून देत असेल, तर जरूर घ्या. तोटा काहीच नाही. गाडी महिनोन्महिने उभी राहत असेल, तरीही घ्यायला हरकत नाही. तुम्ही ऑनसाइटला परदेशी गेलात आणि गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून झोपलीय, किंवा घरूनच काम असल्यामुळे गाडी पंधरवड्यातून एकदा बाहेर पडते, अशा वेळी दाब जरा जास्त टिकतो, तो फायदाच.

पण गाडी रोज चालते, पंप वाटेवर आहे आणि तिथे साधी हवा फुकट मिळते, तर वेगळे पैसे मोजायचं काही कारण नाही. त्या पैशांत एकदाच चांगलं प्रेशर गेज घ्या. खिशात मावेल एवढं असतं, काही शे रुपयांत येतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. गाडीच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप घेतलात तर आणखी छान. स्टेपनीही वेळेवर भरलेली राहील, जिची आठवण आपल्याला थेट रात्री बारा वाजता घाटातच होते.

पाच मिनिटांचा टायर चेक

केव्हा: पंधरा दिवसांतून एकदा आणि प्रत्येक लाँग ड्राइव्हच्या आधी. सकाळी, टायर गार असताना. गाडी निदान तीन तास उभी असावी किंवा जेमतेम एक-दोन किलोमीटरच चाललेली असावी.

किती: आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर, पेट्रोलच्या झाकणाच्या आत किंवा मॅन्युअलमध्ये असतो. टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो. गाडी माणसांनी आणि सामानाने भरलेली असेल, तर त्यासाठी स्टिकरवर वेगळा आकडा दिलेला असतो, बहुधा मागच्या टायरसाठी जास्त.

तापलेल्या टायरचं काय: लांबून चालवत आल्यावर गेज काही पीएसआय जास्त दाखवणारच. घाबरून हवा सोडू नका. गार झाल्यावर तोच टायर कमी भरेल.

झीज: टायरच्या खाचांमध्ये तळाशी बारीक उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं, म्हणजे खाच १.६ मिलिमीटरच उरली. कायद्याची मर्यादा तीच आहे. टायर बदला.

जन्मतारीख: टायरवर चार आकडे शोधा. '२५२३' म्हणजे २०२३ सालातला पंचविसावा आठवडा. खाचा शाबूत असल्या तरी टायर पाच-सहा वर्षांचा झाला की जाणकाराकडून तपासून घ्या.

जखमा: बाजूच्या भिंतीवर फुगवटा किंवा चीर दिसली, तर तो टायर घेऊन एक्स्प्रेस वेला जायचं नाही. मग आत नायट्रोजन असो नाहीतर अत्तर!

झटपट शंका

नायट्रोजन आणि साधी हवा मिक्स झाली तर? काहीही होत नाही. साधी हवाच मुळात ७८ टक्के नायट्रोजन आहे. टायर खराब होत नाही, फक्त शुद्धता कमी होते.

दुचाकीत भरावा का? नियम तोच. दाब तपासणं महत्त्वाचं, वायू नंतर. दुचाकीचा टायर लहान, त्यात वायूही कमी. थोडी गळती झाली तरी दाब चटकन उतरतो. म्हणून ती तर दर आठवड्याला बघावी.

माझ्या गाडीत दाब सांगणारा दिवा आहे. मग कशाला बघू? दिवा हा शेवटचा इशारा असतो. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे दाब २५ टक्क्यांनी उतरल्यावर हा दिवा लागला तरी चालतो. म्हणजे ३३ चे २५ होईपर्यंत तो गप्प राहू शकतो. स्क्रीनवर प्रत्येक टायरचा आकडा दिसत असेल, तर मात्र निघताना एक नजर टाकायची सवय लावा.

हिरवी कॅप काढून टाकू का? राहू द्या, छान दिसते! धूळ आणि पाणी आत जाऊ नये म्हणून व्हॉल्व्हला कॅप हवीच. रंग कोणताही चालेल.

एकूण काय, तर नायट्रोजन वाईट नाही, भामटेगिरी नाही आणि चमत्कारही नाही. टायरला आत काय भरलंय याच्याशी फारसं देणंघेणं नसतं, किती भरलंय याच्याशी असतं. आणि ते 'किती' तुमच्याशिवाय दुसरं कुणी बघणार नाही. उद्या सकाळी ऑफिसला निघण्याआधी पाच मिनिटं काढा आणि चारही टायर मोजा. हो, स्टेपनीसुद्धा. ती पाचवी!